जाण्याची मुभा आणि राहण्याची मुभा

या स्मरणिकेचे निवेदन माजी विद्यार्थ्यांना पाठवावयाचे ठरले, तेव्हा आम्ही शाळेची जुनी पत्त्यांची वही काढून बसलो. आरंभीच्या पानांवरचे पत्ते मालवण, देवगड, कुडाळ, कणकवली या तालुक्यांतील वाड्यांचे आहेत. त्यांपैकी बहुतेकांवर काट मारलेली असून शेजारी वेगळ्या शाईत वरळी, नायगाव, दिवा, नालासोपारा, पनवेल अशी नावे लिहिली आहेत. पुढल्या पानांवर म्हापसा, मडगाव, वास्को येतात. अलीकडच्या पानांवर मस्कत, दोहा आणि अबुधाबी आहे, तर काहींच्या नावापुढे केवळ जहाज कंपनीचे नाव आहे. ज्यांचा पत्ता पहिल्या दिवसापासून आजतागायत बदललेला नाही, असे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले.

ही वही आम्हांला अभिमान वाटावा अशी आहे. ज्या घरांतून पूर्वी पाटीही विकत घेता येत नव्हती, त्या घरांतील मुलेमुली आज परिचारिका, वेल्डर, वातानुकूलन यंत्रांचे कारागीर, संगणक अभियंते आणि जहाजावरील विद्युत तंत्रज्ञ आहेत. तरीही ती वही मिटताना एक प्रश्न मनात राहिला. आपली शाळा मुलांना घडवते, ती गावे रिकामी करण्यासाठी का? समारंभाच्या अंकात असा प्रश्न विचारू नये असे काहींना वाटेल. पण माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव एकाच वेळी वाचतील असे दुसरे साधन आमच्यापाशी नाही, म्हणून तो येथेच विचारतो.

कुशल माणसे देश सोडून जातात, या घटनेला इंग्रजीत ‘ब्रेन ड्रेन’ म्हणतात. मराठीत आपण ‘बुद्धिगळती’ म्हणतो. हा इंग्रजी शब्द रूढ झाला तो ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेत जाऊ लागले तेव्हा. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९६३ मध्ये त्याविषयी चिंता व्यक्त केली होती. पुढे विकसनशील देशांच्या संदर्भात तो अधिक वापरला गेला. गरीब देशाने आपल्या तिजोरीतून डॉक्टर घडवावा आणि त्याची सेवा श्रीमंत देशाला मिळावी, हा अन्याय आहे असे अनेकांनी मांडले. मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात अशा स्थलांतरितांच्या मिळकतीवर कर बसवून त्याचे उत्पन्न विकसनशील देशांच्या विकासासाठी द्यावे, अशी सूचनाही केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता स्वीकारली. जेथे डॉक्टर आणि परिचारिका मुळातच अपुऱ्या आहेत, तेथून श्रीमंत देशांनी त्यांना मोहीम काढून नेऊ नये, हा तिचा आशय आहे.

हे सारे विचार योग्य आहेत. परंतु आपल्या समाजाने ‘गळती’ हा शब्द जसाच्या तसा स्वीकारण्यापूर्वी आपला इतिहास आठवला पाहिजे. कारण गाव सोडणे ही आपल्यासाठी प्रथमतः हानी नव्हती. ती सुटका होती.

कोकणातील आपले पूर्वज मुंबई इलाख्याच्या लष्करात भरती झाले, तेव्हा त्यांना प्रथमच ठरलेला पगार, गणवेश आणि अक्षरओळख मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. लष्कर नसते तर त्या घरात पुस्तके आली नसती. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद झाली आणि ती वाट मिटली. त्यानंतर गिरण्या, गोदी, रेल्वे आणि नगरपालिका यांनी आपल्या माणसांना मुंबईत ओढून घेतले. मागे ठेवण्यासारखे गावात फारसे नव्हतेच. जमीन खोताची होती. खोती नष्ट करावी यासाठी बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. ज्याच्या पायाखालची जमीनच आपली नाही, त्याला ‘तू मातीशी नाते का तोडलेस’ असे विचारण्यात काय अर्थ आहे?

शहरानेही सर्व दारे उघडली नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचा पगार अधिक. पण त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि आपल्या तोंडाला लागलेला धोटा इतर कामगारांना चालत नसे. आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत राहिली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. कौशल्य अंगी असणे आणि ते वापरू दिले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या आजोबांना त्या धोट्याने शिकवले. तरीसुद्धा बी.डी.डी. चाळीतील दहा बाय बाराची खोली त्यांना गावातील वाडीपेक्षा मोकळी वाटली. पाणी भरताना तेथे कोणी जात विचारीत नव्हते, निदान दर दिवशी विचारीत नव्हते.

कुशल माणूस का जातो, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर आम्हांला बाबासाहेबांच्याच आयुष्यात सापडते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करण्याचा करार होता. त्या करारानुसार ते १९१७ मध्ये बडोद्यास रुजू झाले. त्या काळी संस्थानात तेवढे शिकलेली माणसे किती असतील? पण कचेरीतील शिपाई त्यांच्या हाती कागद न देता लांबून टाकीत. राहण्यास घर मिळेना. पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला, तर तेथूनही जमावाने त्यांना बाहेर काढले. बडोद्यास पगार होता, पद होते, महाराजांचा लोभही होता. तरी थोड्याच काळात त्यांना बडोदा सोडावे लागले. संस्थानाने शिष्यवृत्तीवर केलेला खर्च वाया गेला असे म्हणावयाचे असेल, तर तो कोणी वाया घालवला, हेही म्हटले पाहिजे.

म्हणून माणूस केवळ पैशासाठी जातो हे आम्हांला मान्य नाही. पगार हे एक कारण आहे, आणि ते खोटे नाही. आखाती देशात वेल्डरला मिळणारा पगार घरी पाठवला की गावात चिऱ्याचे घर उभे राहते, बहिणीचे लग्न होते, धाकट्याचे शिक्षण होते. पण त्याच्यासोबत दुसरी कारणे असतात. येथे कामाची शाश्वती नसते. कंत्राटाची मुदत अकरा महिन्यांची असते आणि नूतनीकरण कोणाच्या तरी मर्जीवर होते. शिकलेल्या हाताला शिकलेले काम मिळत नाही, आय.टी.आय. झालेला मुलगा पर्यटकांच्या गाड्या लावून देण्याचे काम करतो. शिवाय अनोळखी मुलखात आडनावावरून वाडी ओळखली जात नाही, ही गोष्ट आजही अनेकांना हवीशी वाटते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मस्कतहून लिहिले होते की, तेथे त्याला सर्वजण ‘इलेक्ट्रिशियन’ म्हणतात. गावात तो अजून अमक्याचा नातू असतो. या वाक्याचे उत्तर आम्हांला अजून सापडलेले नाही.

येथवर आम्ही जाणाऱ्यांची बाजू मांडली. आता मागे राहिलेल्यांची मांडली पाहिजे, कारण तीही आपलीच माणसे आहेत.

२००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. त्या दशकात महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले तीनच जिल्हे होते: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. जन्मदर कमी झाला हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण आमच्या पत्त्यांच्या वहीत आहे. त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या, तर राज्यात ९२९. या आकड्याचा अभिमान बाळगावा, पण त्यातील किती पुरुष मुंबईत आणि बोटीवर मोजले गेले असतील, याचाही विचार करावा. साक्षरता ८५ टक्क्यांहून अधिक, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा पुढे. शिकलेला आणि आकसणारा असा हा जिल्हा आहे.

आकड्यांचा अर्थ वाडीत गेल्यावर कळतो. दारात बसलेल्या म्हातारीला विचारावे, ‘झील खंय असता?’ उत्तर येते, ‘दुबयत असता.’ आणि सून, नातवंडे? ती मुंबईत, मुलांच्या शाळेसाठी. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट कमी होत जातो आणि मग ती टिकेल की नाही याची चर्चा सुरू होते. विहारात वर्षावासाला ग्रंथवाचन असते, पण वाचणारा तरुण मिळत नाही. वाडीत कोणी गेले, तर खांदा देण्यासाठी शेजारच्या वाडीतून माणसे बोलवावी लागतात.

मागच्या एका पावसाळ्यातील प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. आमच्या एका माजी विद्यार्थिनीची आई रात्री छातीत कळ येऊन कोसळली. मुलगी आखातात एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका, मुलगा जहाजावर. शेजाऱ्याने रिक्षातून जवळच्या दवाखान्यात नेले. तेथे डॉक्टरचे पद रिकामे होते. तेथून पुढे, आणि तेथूनही पुढे गोव्यात बांबोळीला. मुलगी फोनवर होती. रुग्णवाहिकेतील माणसाला ती एकेक सूचना देत होती आणि त्या सूचना अचूक होत्या, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले. आई वाचली. त्या घरी पैसा होता, विमा होता, उत्तम फोन होता. मुलीच्या हाती असलेले कौशल्य मात्र त्या क्षणी दीड हजार मैलांवर दुसऱ्या कोणाच्या तरी आईच्या उशाशी होते. याचा दोष आम्ही तिला देत नाही. जिल्ह्यात तिच्या शिक्षणाला साजेसे, कायम स्वरूपाचे काम तिने दोन वर्षे शोधले होते, हे आम्हांला ठाऊक आहे.

गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयावर सिंधुदुर्गातील रुग्ण किती काळ विसंबून आहेत, हे येथील प्रत्येक घराला माहीत आहे. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याबाहेरील रुग्णांकडून शुल्क घेण्यास आरंभ झाला, तेव्हा आपल्या जिल्ह्यात केवढी खळबळ झाली! दुसऱ्या राज्याला दोष देणे सोपे होते. आपल्या मुलांना डॉक्टर आणि परिचारिका करून आपण बाहेर पाठवतो आणि उपचारांसाठी शेजाऱ्याच्या दारात उभे राहतो, हे मान्य करणे कठीण होते. २०२१-२२ पासून ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ही समाधानाची बाब आहे. आता तेथे शिकलेली मुले जिल्ह्यात टिकतील अशी पदे भरली गेली पाहिजेत.

येथे कामच नाही, म्हणून माणसे जातात असेही सरसकट म्हणता येत नाही. आंब्याच्या बागेची राखण नेपाळी माणूस करतो. मच्छीमार बोटींवरचे खलाशी परप्रांतांतून येतात. चिरेखाणीत कर्नाटकातील मजूर आहेत. गवंडी, सुतार, फरशी बसवणारे उत्तरेकडून येतात. आपली मुले दूर जातात आणि दुरून माणसे आपल्याकडे येतात, कारण त्यांच्या गावी याहून बिकट अवस्था आहे. म्हणजे काम आहे. पण त्या कामाला प्रतिष्ठा, सुरक्षितता आणि पुढे जाण्याची वाट नाही. जो आपल्या वाडीत भाड्याने राहतो, त्या परप्रांतीय कामगाराशी आपण कसे वागतो, हा प्रश्नही याच विषयात मोडतो. आपले आजोबा एकेकाळी मुंबईत असेच उपरे होते.

परदेशातून येणाऱ्या पैशाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. जागतिक बँकेच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये भारतात असे सुमारे १११ अब्ज डॉलर आले. शंभर अब्जांचा टप्पा ओलांडणारा भारत हा पहिला देश. कोकणाची ‘मनीऑर्डरवर जगणारा प्रदेश’ अशी ओळख फार जुनी आहे. पण त्या ओळखीने आपल्याला एक धडाही दिला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कित्येक घरांची मनीऑर्डर थांबली ती कायमची. २०२० च्या टाळेबंदीत चाकरमानी गावी परतले, तेव्हा पुन्हा तेच दिसले. पैसा बाहेरून येत होता तोवर गावात घरे बांधली गेली. त्या पैशातून उत्पन्न देणारे काही उभे राहिले नव्हते. आज आखातातील नोकऱ्यांवर उभ्या असलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावे.

मग करावे काय? कोणाला जाऊ नका म्हणावयाचा अधिकार आम्हांला नाही, आणि तशी इच्छाही नाही. तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना एकत्र बसवून ठेवले नाही. दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगून लोककल्याणासाठी चारी दिशांना पाठवले. जाणे वाईट नाही. आपल्या पूर्वजांनी मोठी किंमत मोजून जाण्याची मुभा मिळवली. पण ज्याला राहावयाचे आहे, त्याला सन्मानाने राहता येईल, ही दुसरी मुभा अजून मिळवावयाची आहे. पहिली मिळाली म्हणून दुसरीचा हक्क आपण सोडून देऊ नये. आज आपली मुले जातात, ती निवड करून जातात असे आपण म्हणतो. राहण्याचा पर्यायच नसेल, तर त्याला निवड कसे म्हणावे?

यासाठी आम्ही चार सूचना करतो.

पहिली सूचना पालकांना. मूल जाणारच असेल, तर तयारीने जाऊ द्या. दहावी उत्तीर्ण असलेल्याच्या पारपत्रावर परदेशगमन मंजुरीची अट राहत नाही. दहावीच्या आत शाळा सोडलेल्याला आखातासह ठरावीक देशांत कामासाठी जाताना ती मंजुरी घ्यावी लागते. ही अट संरक्षणासाठी आहे. ती चुकवण्यासाठी पर्यटन व्हिसावर जाऊ नये. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटामार्फतच जावे. त्याला घेता येणारे सेवाशुल्क तीस हजार रुपये व त्यावरील कर एवढेच आहे. लाखाची मागणी करणाऱ्याच्या हाती आईचे दागिने मोडून पैसे देऊ नयेत.

दुसरी सूचना शाळेच्या व्यवस्थापनाला, म्हणजे आम्हांलाच. केरळने १९९६ मध्ये राज्याबाहेरील केरळीयांसाठी स्वतंत्र खाते स्थापन केले आणि १९९८ पासून तेथे स्थलांतराची पद्धतशीर पाहणी होत आली आहे. कोण कोठे आहे, कोणते काम करतो, कोण परतला, हे त्यांना कळते. आपण निदान आपल्या शाळेपुरती अशी नोंद ठेवू. पत्त्यांच्या वहीत यापुढे पत्त्याशेजारी कौशल्याचा रकाना असेल. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परदेशी उच्च शिक्षणासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. अशा संधींची माहिती वसतिगृहातील मुलाला मुंबईच्या मुलाइतक्याच लवकर मिळाली पाहिजे.

तिसरी सूचना शासनाला आणि लोकप्रतिनिधींना. चिपीला विमानतळ झाला, कोकण रेल्वे तर १९९८ पासून धावते आहे. या दोन्ही सोयींनी जाणे सुलभ झाले. राहणे सुलभ व्हावे यासाठी ग्रामीण रुग्णालयांतील पदे भरावीत, आय.टी.आय. व तंत्रनिकेतनातून बाहेर पडणाऱ्यांना जिल्ह्यातील शासकीय कामांत स्थान द्यावे, आणि अकरा महिन्यांच्या कंत्राटांचा खेळ थांबवावा.

चौथी सूचना, खरे तर विनंती, दूर असलेल्या माजी विद्यार्थ्यांना. आपण देणगी पाठवता. तिच्यातून छपरे बदलली, ग्रंथालय वाढले. आम्ही कृतज्ञ आहोत. आता आपला थोडा वेळ द्या. सुट्टीवर याल तेव्हा दोन दिवस वसतिगृहात राहा. परिचारिका असाल, तर मोठ्या मुलींना आणि वाडीतील स्त्रियांना प्रथमोपचार शिकवा. इलेक्ट्रिशियन असाल, तर मुलांसमोर शाळेचा बोर्ड उघडा आणि तारा कशा जोडतात ते दाखवा. ज्यांना परतून येथे लहानसा धंदा उभारावयाचा असेल, त्यांच्या मागे चौघांनी मिळून उभे राहा.

बाबासाहेब १९२३ मध्ये लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले; डी.एस्सी. ही पदवी त्यांना त्याच वर्षी परतल्यावर मिळाली. बडोद्याचा अनुभव गाठीशी असूनही परतले. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि त्या सभेने आरंभीच्या कामांत १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. परदेशातून मिळवलेल्या विद्येचे काय करावे, याचा हा आपल्या घरचा दाखला आहे. आपण ज्या ओट्यावर बसून धडे गिरवले, तो ओटा त्याच वसतिगृहाच्या परंपरेतला आहे.

नवी वही आम्ही आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर या वर्षी दहावीला बसणाऱ्या मुलांची नावे लिहिली आहेत. त्यांचे पत्ते आज याच जिल्ह्यातील आहेत. त्यांवर पुढे काट मारावी लागली तर ती त्यांच्या इच्छेने मारली जावी, आणि ज्यांना मारावयाची नाही त्यांच्यावर ती मारण्याची पाळी येऊ नये, एवढी जबाबदारी आपण सर्वांनी मिळून घ्यावी.